शटडाऊन होत नाही म्हणजे मदरबोर्ड गेला असं नाही हो

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय की शटडाऊन केल्यावर स्क्रीन काळी होते पण लाइट आणि पंखा चालूच राहतो, म्हणजे मदरबोर्ड गेला, आता रोज पॉवर बटण दाबून धरा नाहीतर नवीन घ्या. थांबा जरा. जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० टाकलं असेल तर बरेचदा भानगड फास्ट स्टार्टअपची, म्हणजे विंडोज लवकर चालू करायच्या सोयीची असते, हे विंडोज ८ पासून आलंय, यात शटडाऊन म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आपला गाभा डिस्कवरच्या हायबरनेशन फाइलमध्ये जपून ठेवतं आणि जुन्या ड्रायव्हरला, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ते कधीकधी झेपत नाही. शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करून बघा, नीट बंद झालं की चोर सापडला. मग कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांची सेटिंग, तिथे फास्ट स्टार्टअपची टिक काढा. टिक फिकी दिसते, आधी वरच्या निळ्या ओळीवर क्लिक करावं लागतं, इथेच निम्मे लोक अडकतात. तरी नाही जमलं तर लॅपटॉप इंटेलचा असेल तर इंटेल मॅनेजमेंट इंजिनचा (चिपसेटमधला छोटा कंट्रोलर) ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचाच घ्या, विंडोजने आपोआप टाकलेला नको. आणि बटण दाबून धरणं अडल्यावर ठीक, रोज केलं तर फाइली खराब व्हायच्या.