दह्याची तार प्लास्टिकची नसते, आणि गवळीकाकांनी काही चोरी केलेली नाही

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला, गवळीकाकांचं दूध बंद केलं म्हणाली. बावीस वर्षं जो माणूस पावसापाण्यात दारात येऊन दूध घालतोय त्याला हिनं तोंडावर सांगितलं की तुमच्या दुधात प्लास्टिक आहे. का, तर ग्रुपवर मेसेज आला. तोच मेसेज मलाही तीन ठिकाणांहून आलाय. म्हणणं असं की दह्याला तार आली म्हणजे दुधात प्लास्टिक नाहीतर डिटर्जंट आहे, ती जाळली की जळका वास येतो हा पुरावा, पूर्वी असं दही नव्हतं, ही तार आतड्याला चिकटून बसते, आणि जाता जाता पॅकेटवरचं ई ४१५ म्हणजे डुकराची चरबी. मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, आणि मावशीच्या त्या फोनमुळे माझं डोकं खरंच फिरलंय.

आधी ते जाळायचं बघू, कारण लोकांना सगळ्यात जास्त तेच पटतंय. अहो, दही जाळलं तर वास येणारच! दह्यात प्रोटीन असतं, केसातही प्रोटीन असतं, म्हणून दही करपलं की केस जळल्यासारखा वास येतो. शुद्ध दुधाचं, घरच्या म्हशीच्या दुधाचं दही जाळा, हाच वास येईल. म्हणजे ही टेस्ट अशी आहे की जगातलं प्रत्येक दही तिच्यात नापास. प्लास्टिक आचेवर वितळतं, ओघळतं, गार झालं की कडक होतं. दह्याचा मागे काळा कोळसा राहतो. आणि त्याहून सोपं, ती तार वाटीभर पाण्यात घालून ढवळा, ताक होतं. प्लास्टिकचं ताक होत नाही.

मग तार कसली? विरजणातले जिवाणू दुधातली साखर खातात, तिचं आम्ल करतात म्हणून दही लागतं, हे सगळ्यांना माहितीये. त्यातले काही जिवाणू थोड्या साखरेच्या लांबच लांब साखळ्या गुंफून पेशीच्या बाहेर सोडतात. पुस्तकात याला एक्सोपॉलिसॅकराइड म्हणतात, आपण साखरेची दोरी म्हणू. लिटरभर दह्यात ही काही मिलिग्रॅम ते काहीशे मिलिग्रॅम एवढीच असते, पण पाणी इतकं धरून ठेवते की दही घट्ट, गुळगुळीत लागतं आणि वर पाणी सुटत नाही. श्रीखंडासाठी अशा दह्याचा चक्का बांधलात तर पाणी लवकर गळत नाही ते याच्यामुळेच. या जिवाणूंच्या बऱ्याच जातींमध्ये थोडी गार हवा असली की ही दोरी जास्त सुटते, म्हणून पावसाळ्यात, थंडीत तक्रारी वाढतात.

"पूर्वी नव्हतं" तर सरळ खोटं आहे. आमची आजी म्हणायची, दह्याला तार आली, शेजारून विरजण आण. व्हॉट्सॲप यायच्या कितीतरी आधी. फिनलंडमध्ये व्हीली नावाचं दही मुद्दाम तारेचं लावतात आणि आवडीनं खातात. फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरनं १८६१ च्या सुमारास चिकट होणाऱ्या वाइनमागे जिवाणू आहेत हे दाखवलं होतं. आणि आपल्याकडं साखर कारखान्यात नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, तोडून दोन-तीन दिवस पडलेल्या उसाचा रस चिकट होतो, गाळताना त्रास देतो, दाणा नीट धरत नाही. तेही जिवाणूंनी केलेलं डेक्स्ट्रान, म्हणजे अशीच एक साखरेची दोरी. उसात कुणी प्लास्टिक घातलेलं नसतं.

आतड्याला चिकटण्याचं म्हणाल तर हेच डेक्स्ट्रान शुद्ध करून कोरियन युद्धात जखमी सैनिकांना प्लाझ्माऐवजी, म्हणजे रक्तातल्या द्रवाऐवजी, थेट शिरेतून दिलं गेलंय. जे रक्तातून चालतं ते दह्यातून पोटात गेल्यावर थर धरून बसेल? चिकटतं ते दातांना, एवढं मान्य. गोड खाल्लं की तोंडातले जिवाणू साखरेपासून अशाच दोऱ्या करून दाताला घट्ट धरतात, कीड त्यातूनच लागते. पण त्यासाठी गोड कमी करा, दही कशाला सोडताय.

ई ४१५ म्हणजे झँथन गम. कोबीवर काळी कूज आणणारा एक जिवाणू साखरेवर वाढवून त्याचा चिकट पदार्थ वाळवून पूड करतात. डुकराचा कुठंच संबंध नाही. अमेरिकेत १९६९ पासून मान्यता आहे, युरोपच्या ईएफएसए या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१७ मध्ये पुन्हा सगळं तपासलं आणि रोजच्या मर्यादेचा आकडासुद्धा ठरवायची गरज नाही असं सांगितलं. हां, एक गोष्ट नाइलाजानं कबूल करते, २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध खात्यानं झँथनचं दूध घट्ट करायचं एक उत्पादन अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देऊ नका असा इशारा दिला होता, आतड्याच्या गंभीर आजाराच्या केसेस आल्या म्हणून. बाळांच्या बाबतीत डॉक्टरला विचाराच.

दुसरी कबुली, दुधात भेसळ होते. आणि न तापवलेलं दूध नासून तार आली, घाण वास आला, गुलाबी-हिरवा रंग दिसला तर फेकाच. पण डिटर्जंटची शंका असेल तर एफएसएसएआयनं, म्हणजे आपल्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनं, सांगितलेली सोपी टेस्ट आहे: पाच-दहा मिली दूध, तेवढंच पाणी, जोरात हलवा. दाट फेस आला तर डिटर्जंट, फेसाचा नुसता पातळ थर आला तर नाही.

रविवारी मी मावशीकडं गेले. जाताना गवळीकाकांकडून एक लिटर दूध घेतलं, हलवून बघितलं, पातळ फेस. तापवून कोमट केलं, दोन वाट्यांत ओतलं, एकीत मावशीचं विरजण, दुसरीत शेजारच्या काकूंचं, दोन्ही ओट्यावर शेजारी-शेजारी झाकून ठेवल्या. सकाळी मावशीनं स्वतः चमचा घातला. पहिल्या वाटीतून वीतभर तार आली, दुसरीतून कवडीसारखं दही तुटून निघालं. दूध एकच होतं. दुसऱ्या वाटीतलं चमचाभर विरजण तिनं बाजूला काढून ठेवलं आणि काकांना फोन लावला.