गुळानं शिसं उतरत नाही

'मुलांना रोज गुळाचा खडा द्या. रस्त्याच्या धुळीतलं शिसं, कॅडमियम सगळं बाहेर पडतं. लोहाच्या औषधांची गरज नाही.' कोल्हापुरात पालकांच्या ग्रुपवर हा मेसेज जोरात फिरतोय. तो वाचून माझ्या वहिनीनं दोन वर्षांच्या पुतण्याचे लोहाचे थेंब बंद केले. डॉक्टरांनी दिलेले थेंब! त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

गुळाबद्दल एक प्रयोग झालाय, हे मान्य. लखनौच्या संशोधकांनी तो 1994 मध्ये प्रसिद्ध केला. गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतून कोळशाचे आणि सिलिकाचे कण लवकर हलले. पण त्यात रक्तात भिनलेल्या शिशाचा संबंध कुठे येतो? पोर जमिनीवर खेळतं, तेच हात तोंडात घालतं. धुळीतलं शिसं आतड्यातून रक्तात, मेंदूत जातं आणि हाडांत साठून बसतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एकाच स्रोतातून लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषू शकतं, आणि शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच माहीत नाही. त्यात अंगात लोह कमी असलं की आतडं शिसं आणखी ओढून घेतं. म्हणजे थेंब बंद करून आपण पोराला उलट जास्त धोक्यात घालतो. गुळात लोह असतं, पण औषधाचा डोस खड्यानं भरून निघत नाही. गूळ आम्हीही खातो, औषध म्हणून नाही.

'2000 सालीच पेट्रोलमधलं शिसं गेलं, मग धुळीत कुठून येणार?' पेट्रोलमधलं गेलं, हे खरं. पण शिसं कुजत नाही, रस्त्याकडेच्या मातीत ते वर्षानुवर्षं राहतं. शिवाय जुन्या भिंतींच्या, दारांच्या रंगाचे पोपडे आहेतच. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आली ती 2017 मध्ये.

'माती खाल्ल्यानं पोर टणक होतं' म्हणे. कोल्हापुरातल्या कावळा नाक्यावरची, रस्त्यावरची धूळ म्हणजे शेतातली माती नव्हे. आणि पोर सारखं माती खात असेल तर ते बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं.

डॉक्टरांनी दिलेले थेंब बंद केले असतील तर आजच परत सुरू करा. जेवणाआधी हात साबणानं धुवा, चपला दाराबाहेर काढा, फरशी कोरडी झाडण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा. शंका असेल तर डॉक्टरांना रक्तातल्या शिशाची तपासणी करायला सांगा. ती वेगळी करावी लागते, हिमोग्लोबिनच्या रिपोर्टात शिसं दिसत नाही.