‘सोडून गेलेल्यांची खाती उडवा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सोलापुरातल्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चिंचोळीला गेला, आणि शेवटी होटगी रोडच्या एका दवाखान्याच्या मॅनेजरनं ‘करू का?’ असं विचारत मलाच पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ऑफिसचं सॉफ्टवेअर क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, नेण्याआधी सफाई करा. क्लाउडवर प्रत्येक नावाचे पैसे पडतात. ९० दिवस लॉगिन न झालेली आणि नोकरी सोडलेल्यांची खाती सरसकट डिलीट करा. त्यांचं काम कंपनीचंच आहे, ते कुठं जात नाही. जुनं खातं म्हणजे हॅकरला उघडं दार. आणि चुकून काही उडालंच, तर क्लाउडवाले परत आणून देतात.

टॉवेल-चादरीचे कारखाने, गारमेंट युनिटं आणि काही दवाखाने यांचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो, म्हणून सविस्तर लिहितोय. मेसेजमधलं उघड्या दाराचं वाक्य खरं आहे. पण त्याच्या जोरावर बाकीची चार वाक्यं खपवलीत. एका खात्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात: आत शिरायची परवानगी, दरमहा पैसे लागणारं लायसन्स, आणि नोंदींवर असलेलं नाव. पहिल्या दोन काढायच्या, तिसरी ठेवायची. मेसेज तिन्हींची एकच मोळी बांधून भट्टीत टाकायला सांगतो.

‘प्रत्येक नावाचे पैसे पडतात.’ कुणाकडे? मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये बिल लायसन्सवर लागतं. माणसाचं लॉगिन बंद केलं आणि लायसन्स तसंच चिकटून राहिलं, तर बिल चालूच राहतं. लायसन्स काढून बिलातली संख्याही कमी केली आणि नाव ठेवलं, तर त्या नावाचा एक रुपयाही पडत नाही. त्याची मेलबॉक्स ‘शेअर्ड’, म्हणजे दुसऱ्यांना उघडता येणारी सामायिक, करून ठेवली, तर ५० जीबीपर्यंत लायसन्सच लागत नाही. कामांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘जिरा’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये ज्यांना वापराची परवानगी आहे तेवढीच डोकी मोजतात, निष्क्रिय केलेली नाहीत. गूगल वर्कस्पेसमध्ये मात्र नुसतं सस्पेंड केलेलं खातंही पैसे खातं, हे खरं. पण तिथंही ‘आर्काइव्ह्ड युजर’ म्हणून स्वस्त लायसन्स मिळतं. बिलाची ओळ नीट न वाचता खाती उडवायला निघालेले मालक मी पाहिलेत. सुताच्या बिलात पैशाचा फरक पकडणारी ही माणसं इथं मात्र फॉरवर्डवर विश्वास ठेवतात.

‘९० दिवस लॉगिन नाही म्हणजे खातं मेलं.’ हा आकडा सोलापुरात कुणी चालवावा याचंच नवल वाटतं. साखर कारखान्याचा गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. काटा आणि ऊस नोंदणीवर हंगामापुरती बसणारी माणसं त्यानंतर कित्येक महिने सिस्टिम उघडत नाहीत. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्यांची धावपळ जूनच्या आधीची, बाकी वर्ष निम्मी खाती झोपलेली. बाळंतपणाची रजा २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची आहे, म्हणजे १८२ दिवस. मेसेजच्या हिशेबानं ती बाई कामावर परत येईपर्यंत तिचं खातं दोनदा मरून झालेलं असतं. ऑडिटर तर वर्षातून एकदाच येतो.

शिवाय काही खात्यांमागे माणूसच नसतो. स्कॅनर ज्या खात्यावरून मेल पाठवतो ते, रात्रीचा बॅकअप ज्या नावानं चालतो ते. कारखान्यात हे खातं बऱ्याचदा पहिल्या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या नावावर असतं, कारण मशीन बसवलं तेव्हा तोच हजर होता. तो गेला म्हणून खातं उडवलं, की बॅकअप थांबतो, आणि थांबला हे गरज पडेपर्यंत कळत नाही.

उलटही होतं, आणि ते जास्त धोक्याचं. सुपरवायझर नोकरी सोडून केव्हाच पुण्याला गेलेला असतो, पण त्याचं खातं रोज सकाळी पाळी सुरू होताना उघडतं. पासवर्ड मॉनिटरच्या खालच्या पट्टीवर स्केच पेननं लिहिलेला, वर सेलोटेप. तिन्ही पाळ्या त्याच नावानं उत्पादन भरतात. ९० दिवसांच्या चाळणीत हे खातं ठणठणीत दिसणार, आणि जे बंद करायला हवं तेच राहून जाणार.

(हा ९० दिवसांचा आकडा कुठून आला कोण जाणे. गूगल दोन वर्षं न वापरलेली खाती पुसतं, पण ते घरगुती खात्यांसाठी. कंपनीच्या खात्यांना तो नियम नाही.)

‘त्यांचं काम कुठं जात नाही.’ सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच. फाइल कंपनीची असली तरी सिस्टिमच्या लेखी मालक तो माणूस असतो. गूगल ड्राइव्हमध्ये ‘माय ड्राइव्ह’मधल्या फाइली दुसऱ्याच्या नावावर न करता खातं उडवलं, तर त्या त्याच्यासोबत जातात. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये कंपनीनं मुदत वाढवून घेतली नसेल, तर खातं काढल्यावर ३० दिवस हातात असतात.

फाइली एकवेळ वाचवता येतील, पण नाव गेलं की नोंदीचा अर्थच जातो. परदेशी गिऱ्हाइकाची तक्रार येते: अमुक लॉटच्या टॉवेलांची शेड मंजूर नमुन्याशी जुळत नाही. तुम्ही त्या लॉटची नोंद उघडता. डाइंगकडून, म्हणजे रंगाई खात्याकडून, कुणीतरी विचारलेलं असतं, ‘शेड किंचित गडद येतेय, चालेल का?’ खाली उत्तर, ‘चालेल, पुढं घ्या.’ त्याखाली तिसरा, ‘माझी हरकत आहे, नमुना परत तपासा.’ ती माणसं सोडून गेली म्हणून खाती डिलीट केलेली असतील, तर जिरा क्लाउडमध्ये तिघांच्याही जागी ‘फॉर्मर युजर’ (माजी वापरकर्ता) एवढंच दिसतं. विचारणारा तोच, मंजूर करणारा तोच, हरकत घेणाराही तोच! गिऱ्हाइकाला काय उत्तर देणार? कामगार सोडून गेला म्हणून जुन्या हजेरीपटातलं त्याचं पान कुणी फाडत नाही. इथं नेमकं तेच करायला सांगितलंय.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरची तर कायद्याशी गाठ आहे. कंपनी म्हणून नोंदणी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणं बंधनकारक आहे, आणि वह्या आठ आर्थिक वर्षं जपायच्या असतात. भागीदारी किंवा एकट्याच्या मालकीचा धंदा असला तरी जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. व्हाउचर कोणी बदललं, हे ऑडिटर विचारणारच.

यावर कुणी म्हणेल, गेलेल्या माणसाची माहिती ठेवून घेणं २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात बसत नाही. काम संपल्यावर वैयक्तिक माहिती पुसायची हे बरोबर, पण दुसऱ्या कायद्यानं जी ठेवायला सांगितली आहे ती सोडून. त्याचा फोटो, मोबाइल नंबर, घरचा पत्ता जरूर काढा. व्हाउचरसमोरचं नाव राहू द्या.

‘जुनं खातं म्हणजे उघडं दार.’ हे मान्य, शंभर टक्के. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइनमध्ये चोर शिरले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या) खात्यातून, ज्याला ओटीपीसारखं दुसरं कुलूप नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनं कबूल केलं की त्यांच्याकडची घुसखोरी एका जुन्या चाचणी खात्यातून झाली. पण यावर उपाय म्हणजे दार बंद करणं: लॉगिन रोखायचं, चालू असलेली सगळी सेशन्स, म्हणजे आधीच उघडी राहिलेली लॉगिनं, तोडायची, बाहेरच्या पत्त्यावर मेल पाठवणारा फॉरवर्डिंगचा नियम शोधून काढायचा, मोबाइलवरचं खातं हटवायचं. मेसेजमध्ये यातलं एकही नाही. माणूस गेला त्याच दिवशी हे करायचं असतं, क्लाउडचा मुहूर्त कशाला हवा?

खातं उडवल्यानं एक नवं दारही उघडतं. मोकळा झालेला मेल पत्ता आपण नव्या माणसाला देऊन टाकतो. सोलापुरात एकाच आडनावाची, एकाच आद्याक्षराची माणसं एका ऑफिसात काही कमी नाहीत. जुन्या ‘एस पाटील’चा पत्ता नव्या ‘एस पाटील’ला गेला, की जुन्याला येणारे सूत व्यापाऱ्यांचे मेल आणि बँकेचे ओटीपी नव्याकडे. आणि जिराच्या जुन्या सर्व्हरवर दोन खात्यांना एकच मेल पत्ता राहिला असेल, तर क्लाउडवर नेताना ती दोन माणसं एकच होऊन बसतात, एकाची परवानगी दुसऱ्याला मिळते.

‘उडालंच तर परत मिळतं.’ मायक्रोसॉफ्टकडे ३० दिवस, गूगलकडे २० दिवस. जहाजानं गेलेला माल गिऱ्हाइकाच्या गोदामात पोचून तक्रार यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. आणि मेसेज तर क्लाउडवर जाण्याआधीच डिलीट करा म्हणतोय! जे तिकडं गेलंच नाही, ते क्लाउडवाले कुठून आणणार? उरतो तो जुन्या सर्व्हरचा बॅकअप, असलाच तर.

मग करायचं काय? सोडून गेलेल्यांची यादी माझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्याकडून मागू नका, पगारपत्रक करणाऱ्याकडून घ्या. कोण कायमचा गेला, कोण रजेवर, कोण हंगामी, हे त्यालाच ठाऊक असतं. ती यादी आणि सिस्टिममधली यादी शेजारी ठेवली की जी नावं कुठंच बसत नाहीत ती मशिनांची किंवा कुणीतरी वाटून वापरत असलेली निघतात, आणि ती एकेक करून विचारावी लागतात. गेलेल्यांना आधी निष्क्रिय करा, फाइली वरिष्ठाच्या नावावर करा, मग लायसन्स काढा. मेल पत्ता बंद पडला असेल, तर आपल्याच डोमेनवरचा (कंपनीच्या नावाचा) वेगळा पत्ता द्या, म्हणजे खातं निष्क्रिय अवस्थेत का होईना, नावासकट पलीकडे जातं. शंभर माणसांच्या कारखान्यात ही यादी एका दुपारी होते, फक्त त्या दिवशी हजेरी क्लार्क रजेवर नसला पाहिजे.