परीक्षकांचा खर्च आधी लिहा

आमच्या सरांच्या नावाने पुण्यात पुरस्कार सुरू करायचा, यावर आम्हा माजी विद्यार्थ्यांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या एका शिक्षकाचा दरवर्षी गौरव करायचा. वाद पेटला तो खर्चाचा अंदाज हाती आल्यावर. एकूण १,६०,००० रुपये. सभागृह, मंचसजावट, फ्लेक्स, स्मृतिचिन्हं, प्रमुख पाहुण्यांचा प्रवास-मुक्काम, व्हिडिओ, शेवटी भोजन. पुरस्काराची रक्कम ११,०००. परीक्षकांपुढे लिहिलं होतं, ‘शाल-श्रीफळ’.

पुण्यातले मित्र म्हणतात, कार्यक्रम दणक्यात झाला नाही तर दखल कोण घेणार? त्यांचंही बरोबर आहे. पत्रकार भवन, टिळक स्मारक, एस. एम. जोशी सभागृह, कुठे ना कुठे रोज सत्कार चालूच असतो. दुसरा गट म्हणतो, पुरस्कारांचं पीक पुरे झालं, पैसे सरळ शाळांना द्या. मला दोन्ही पटत नाही. चांगलं शिकवणाऱ्याला चांगलं म्हणणारं कुणीतरी हवंच. फक्त ते जाणकाराने, पारखून म्हणायला हवं.

मी स्टॉकहोममध्ये राहतो. इथलं नोबेल आणि आमचा पुरस्कार यांची बरोबरी कुणी करणार नाही, पण नोबेल फाउंडेशनचा एक निर्णय आमच्या कामाचा आहे. २०१२ मध्ये त्यांनी बक्षिसाची रक्कम एक कोटी क्रोनरवरून (क्रोनर हे स्वीडनचं चलन) ८० लाखांवर आणली. कारण सरळ होतं, मुद्दल जपायचं होतं. जगभर बातमी होईल हे ठाऊक असूनही त्यांनी हात आखडला. एक कोटीचा आकडा परत यायला २०२० उजाडलं. २०२३ पासून ती रक्कम १ कोटी १० लाख क्रोनर आहे.

आता आमचा हिशेब. ठेव १० लाखांची. सात टक्क्यांनी व्याज ७०,०००. महागाई पाच टक्के धरली तर मुद्दलाचं मोल टिकवायला त्यातले ५०,००० परत ठेवीत टाकावे लागतात. हाती उरतात २०,०००. सगळं व्याज दरवर्षी खर्च केलं तर दहा वर्षांनी त्याच ७०,०००ची किंमत आजच्या ४३,०००च्या आसपास असेल. एकेकाळी भरघोस वाटलेली कितीतरी स्मृती-पारितोषिकं अशीच आज रिक्षाभाड्याला पुरतील एवढी उरली आहेत, आणि ती देणाऱ्या संस्थांनाच संकोच वाटतो. म्हणून एक तर दरवर्षी वर्गणी काढावी लागणार हे आजच कबूल करावं, नाही तर पुरस्कार दोन वर्षांतून एकदा द्यावा. मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे.

परदेशातून पैसे येतील, असं गृहीत धरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. माझ्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय ठरत नाही. आमच्यातल्या ज्यांनी स्वीडिश नागरिकत्व घेतलं त्यांची ठरते, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. शिवाय २०२०च्या दुरुस्तीनंतर अशा देणगीतला २० टक्क्यांहून जास्त भाग प्रशासकीय खर्चाला वापरता येत नाही.

खरा खर्च परीक्षकांवर व्हायला हवा. अर्जासोबत आलेली प्रमाणपत्रं आणि कात्रणं चाळून शिक्षक कळत नाही. शेवटच्या पाच जणांच्या शाळेत जाऊन, मागच्या बाकावर तासभर बसून कळतो. चौथीतली मुलगी धडा वाचताना अडखळली की बाई शब्द चटकन सांगून मोकळ्या होतात की थांबतात, हे बघायला भोर, जुन्नर, आंबेगाव गाठावं लागतं. त्याला गाडी लागते, एखादा मुक्काम लागतो, आणि दोन जाणत्या माणसांचे दिवस लागतात. त्या दिवसांचं मानधन द्यायलाच हवं. पुण्यात ही माणसं प्रेमाखातर फुकट येतात, हा आपल्या गावाचा मोठेपणा आहे. पण फुकट आलेल्या माणसाला ‘पाचही शाळा बघाच’ असं सांगता येत नाही.

आणि परीक्षकांना ‘कुणीच नाही’ म्हणायची मुभा हवी. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! तरी भरत नाट्य मंदिरात त्या करंडकासाठी पोरं जीव टाकतात, ती रोख रकमेसाठी नव्हे.

समारंभ नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. नोबेलच्या मेजवानीला निमंत्रितच जातात. पुण्यातल्या सभागृहात कुणीही येऊन बसतो, मनापासून ऐकतो, जाताना पुरस्कारविजेत्याशी दोन शब्द बोलतो. ते आपलं वैभव आहे, जपायलाच हवं. त्यासाठी छोटं सभागृह आणि चहा-बटाटेवडा पुरेसा आहे.

माझा अंदाज असा: पुरस्कार २५,०००, परीक्षकांचा प्रवास आणि मानधन ३०,०००, समारंभ १५,०००. दोन वर्षांतून एकदा ७०,०००. दोन वर्षांचे हातचे ४०,००० धरून उरलेले ३०,००० वर्गणीतून उभे करावे लागतील. माझा वाटा मी कळवला आहे.