श्रद्धावंत भांडवलदारासाठी बायबल-वाचनाच्या सूचना

आपण ख्रिस्ती आहात, मुक्त बाजारपेठेवरही आपला गाढ विश्वास आहे आणि या दोन्ही श्रद्धा एकाच घरात भांडण न करता नांदाव्यात अशी आपली इच्छा असेल, तर सर्वप्रथम बायबल सलग वाचण्याची सवय सोडावी. लॉस अँजेलिसच्या फर्स्ट काँग्रिगेशनल चर्चचे पाळक जेम्स फिफील्ड यांचे मत या बाबतीत शिरोधार्य मानावे: बायबल माशासारखे खावे, काटे काढून. याच फिफील्ड यांनी 1935 मध्ये ‘स्पिरिच्युअल मोबिलायझेशन’ ही संघटना काढली, अमेरिकेच्या रूझवेल्ट सरकारच्या ‘न्यू डील’ या कल्याणकारी धोरणात दहा आज्ञांचा भंग शोधून दाखवला आणि सन ऑइल कंपनीच्या जे. हॉवर्ड प्यू यांच्यासारख्या उद्योगपतींच्या देणग्यांनी त्या संशोधनाचे चीज झाले. दहा आज्ञा घेऊन सीनाय पर्वतावरून उतरताना मोशेला हा अर्थ सुचला नाही. पण त्याच्यामागे तेलकंपनीही नव्हती.

काटे कोणते, हे मात्र आपले आपण ओळखावे. लेवीय पुस्तकातील योबेल वर्षाचा नियम सांगतो की, विकलेली जमीन पन्नासाव्या वर्षी मूळ कुटुंबाकडे परत जावी. तो जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातला, म्हणून कालबाह्य ठरवावा. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याचा नियमही जुन्याच करारातला आहे, परंतु त्याची आठवण मंडळीला दर रविवारी करून देण्यास हरकत नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधील पुस्तकात पहिले विश्वासणारे जमिनी विकून आलेला पैसा ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटून घेत. हा भाग मोठ्याने वाचू नये, कारण श्रोत्यांना भलत्याच दाढीवाल्याची आठवण होते.

येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मात्र खरे मांस आहे. माझ्या पैशाचे मी माझ्या मर्जीप्रमाणे करू नये काय, असे मळ्याचा धनी मजुरांना ठणकावतो; मालमत्तेच्या हक्काचे याहून पवित्र समर्थन कारखानदारांच्या सभेला कोठून मिळणार? वाचन येथेच थांबवून पुस्तक मिटावे. या धन्याने दिवसभर उन्हात राबलेल्याला आणि शेवटचा एकच तास काम केलेल्याला सारखाच एक दिनार दिला, हे कळल्यास उद्या आपल्याच दारात मजूर संध्याकाळी पाच वाजता हजर होतील आणि पूर्ण रोजी मागतील.

प्रेषित पौलाचे वचन वापरण्यास सर्वांत सोयीचे. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी मे 1988 मध्ये एडिंबरा येथे चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेपुढे, जो काम करणार नाही त्याने खाऊही नये, हे वचन ऐकवले होते. लाभांशावर जगणाऱ्यांनाही ते लागू होते काय, असे कोणी विचारल्यास प्रार्थनेची वेळ झाल्याचे सांगावे. त्या सभेच्या अध्यक्षांनी थॅचरबाईंना गरिबी आणि घरबांधणी यांवरील चर्चचे अहवाल भेट दिले. अशा भेटी नम्रपणे स्वीकाराव्यात. उघडल्याच पाहिजेत असे बंधन नाही.

राहता राहिला सुईच्या नेढ्यातला उंट: श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे, असे येशू म्हणाला होता. ‘सुईचे नेढे’ हा यरुशलेमचा एक अरुंद दरवाजा होता आणि उंट गुडघे टेकून त्यातून जात असे, अशी एक सोयीस्कर कथा प्रचलित आहे. तिला पुरावा नाही, पण आपल्याला उत्खनन कोठे करायचे आहे? त्याहून उत्तम म्हणजे उंटाचा विषयच बदलावा. लुइझियानाचे धर्मोपदेशक जेसी ड्यूप्लँटिस यांनी 2018 मध्ये भाविकांकडे सुमारे 5.4 कोटी डॉलरच्या खासगी जेट विमानासाठी हातभार मागितला आणि येशू आज असता तर गाढवावरून फिरला नसता, असा खुलासा केला. ते त्यांचे चौथे विमान ठरणार होते.