‘गावठी जुगाड’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर: स्लेटच्या सांध्यात मेणच का

पूल टेबलाच्या तीन स्लेट, म्हणजे कापडाखालच्या सपाट दगडी लाद्या, एका पातळीत कशा बसवायच्या आणि त्यांचे सांधे मधमाशीच्या मेणाने कसे भरायचे, यावर मी लिहिलं होतं. त्याखाली एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. नाव दिलेलं नाही, म्हणून भाऊ म्हणतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मेण हा गावठी जुगाड आहे आणि विदर्भाच्या उन्हात ते वितळणार. गाडीच्या डेंटिंगवाल्यांची पुट्टी भरावी, म्हणजे जन्माचं काम होतं. जमीन हलत असेल तर आधी पाया पक्का करावा. स्लेटखालच्या पाचरीवर उंची जुळवायला खेळायचे पत्ते घालू नयेत. कापडावर, कुशनवर (टेबलाच्या कडेच्या रबरावर) आणि माझ्या अंधुक फोटोंवरही शेरे आहेत. आणि शेवटी हे वाक्य: “तालुक्याच्या पार्लरमध्ये कोण चॅम्पियन खेळतो? साध्या पाणसळीचा बुडबुडा मध्ये आला की पुरे.”

भाऊ, मी शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो. मेणावर तुम्ही भांडलात तर मला आवडलं असतं, तो कामाचा वाद आहे. पण हे वाक्य तुम्ही माझ्याकडे खेळायला येणाऱ्या पोरांबद्दल लिहिलंय. दिवसभर वावरात राबून संध्याकाळी येणारी पोट्टी आहेत ती. तासाचे पैसे ती मोजून देतात. त्यांचा बॉल सांध्यावर वळला तर चालेल, कारण ते तालुक्याचे आहेत, असंच ना तुमचं? हे तुम्ही माझ्या समोर बसून म्हणाला असता का?

खेळ शहराचा आहे असं तुम्हाला वाटत असेल तर एक सांगतो. पूलच्याच घरातलं स्नूकर 1875 साली जबलपूरच्या छावणीत, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या फौजी अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालं. नागपूरहून जबलपूर मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. तेव्हा हा खेळ आमच्याकडे कुठून आला, हे आम्हाला शिकवू नका.

आता बुडबुडा. माझे वडील गवंडी होते. पाणसळ आणि ओळंबा मी शाळेच्या दप्तराआधी हातात धरलाय, त्यामुळे पाणसळीचा अपमान मी करणार नाही. पण तिचं काम भिंतीचं आणि फरशीचं. हार्डवेअरच्या दुकानातली चांगली पाणसळसुद्धा एका मीटरला अर्ध्या मिलिमीटरच्या खालचा उतार सांगत नाही. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमाप्रमाणे नऊ फुटी टेबलाचा खेळायचा भाग 100 बाय 50 इंच असतो. त्याला लांबीत 0.020 इंच आणि रुंदीत 0.010 इंच इतकीच वर-खाली सूट आहे. रुंदीचा हिशोब केला तर मीटरला 0.2 मिलिमीटर येतं. म्हणजे तुमचा बुडबुडा अगदी मध्ये उभा असेल आणि टेबल तरीही नियमाबाहेर असेल. दोन स्लेट जिथे भेटतात तिथे तर 0.005 इंच, म्हणजे 0.127 मिलिमीटर. झेरॉक्सचा एक कागद साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतो. सांध्यावर त्याहून थोडीशी जास्त पायरी राहिली की हळू सोडलेला बॉल तिथे थबकतो नाहीतर दिशा सोडतो. जोरात मारलेला बॉल हे लपवतो, म्हणून नवशिक्याला कळत नाही. कळतं ते चांगलं खेळणाऱ्याला, आणि तो तालुक्यातही असतो.

मी हे पुस्तकातून उचललेलं नाही. नागपूरच्या एका क्लबात मी मार्कर, म्हणजे गुण मांडणारा, होतो. टेबल उघडलं की तिथल्या उस्तादांच्या हाताखाली राहायचो. मीटरला 0.02 मिलिमीटर दाखवणारी मशिनिस्टची लेव्हल त्यांच्याकडे मखमलीत गुंडाळलेली असे. ते मधली स्लेट आधी बसवत, मग दोन्ही टोकांच्या स्लेट तिला आणून भिडवत, पाचर एकेक केस सरकवत. सांध्यावर डोळे मिटून नख फिरवायला त्यांनीच शिकवलं. मेणही त्यांचंच. म्हणजे ज्याला तुम्ही गावठी म्हणता ते मी शहरातून शिकून गावात आणलंय. अमेरिकेतले टेबल बसवणारेही मेण वापरतात. इंग्लंडात स्नूकरच्या सांध्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस भरण्याची जुनी रीत आहे, तेही पुन्हा उकरून काढता येतं म्हणून मला पटतं.

वितळण्याबद्दल. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं. नागपुरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंश नोंदले गेले, त्या दिवशीही मेणाला वितळायला चौदा अंश कमी होते. मऊ पडतं, हे खरं. पण मेणावर भार कुठे आहे? भार स्लेटवर, स्लेटचा भार पाचरीवर आणि फ्रेमवर. मेण केसाएवढ्या फटीत बसलेलं असतं, वर ताणलेलं कापड, आणि बॉल तिथून क्षणात निघून जातो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हात, टिनाच्या छपराखाली टेबल चाललेलं मी दरवर्षी पाहतो. मात्र स्लेट आधी गरम करून घ्यावी लागते. थंड दगडावर मेण ओतलं की ते धरत नाही, सुटून वर येतं, आणि लोक उन्हाला दोष देतात.

आणि आता तुमची पुट्टी. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला हा सगळा काळ्या मातीचा पट्टा. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात वावरात हात जाईल अशा भेगा पडतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील तर. दुकानाच्या फरशीखालीही तीच माती आहे. त्या फरशीवर एक इंच जाडीच्या तीन स्लेट ठेवल्या की दगडच तीनशे किलोच्या आसपास होतो, फ्रेम वेगळी. पहिल्या पावसानंतर एक कोपरा उचलला जातो, दिवाळीनंतर दुसरा बसतो. सगळं टेबल एका बाजूला कललं असेल तर पायाचे स्क्रू फिरवून भागतं. फ्रेमला पीळ पडला तर भागत नाही, सांधा उघडावाच लागतो. मेण असलं की गरम करायचं, खरवडायचं, पाचर सरकवायची, पुन्हा ओतायचं. पुट्टी दगडाला चिकटून कडक होते. शेजारच्या गावी मोठ्या शहरातून आलेल्या फिटरने असं “जन्माचं काम” करून दिलं होतं. पावसाळ्यानंतर पुट्टीला चीर गेली आणि कापडाखाली उंचवटा आला. मला बोलावलं तेव्हा छिन्नीशिवाय मार्ग नव्हता. छिन्नीने पुट्टीसोबत स्लेटची कडही निघाली, आणि गेलेली कड परत येत नाही. मालकाने कर्ज काढून घेतलेलं टेबल होतं ते. जी गोष्ट वर्षा-दोन वर्षांनी उघडायचीच आहे ती कायमची कशाला चिकटवायची, याचं उत्तर तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत मला सापडलं नाही.

पाया पक्का करा म्हणता. भाड्याच्या गाळ्यात मालक खोदू देतो का? यावर जास्त लिहायला मला वेळ नाही.

पत्त्यांचं मात्र तुमचं बरोबर आहे. एक पत्ता साधारण 0.3 मिलिमीटरचा, त्याने काम लवकर होतं. पण कूलर लागला की हवेत ओल येते आणि पुठ्ठा फुगतो. पितळी पत्र्याची पट्टी महाग पडते, पण जागा सोडत नाही. ज्याला परवडेल त्याने पितळच घालावं. फोटो अंधुक आहेत हेही मान्य. कापडावरचे आणि कुशनवरचे तुमचे शेरे या विषयाचे नाहीत, ते सोडतो.

पुढे लिहाल तेव्हा तुमचं टेबल कोणत्या मातीवर उभं आहे आणि पुट्टी भरल्यावर त्याने किती पावसाळे काढले, एवढं आधी लिहा. त्यावर मी रात्रभर बोलायला तयार आहे. पोरांबद्दलचं ते वाक्य तेवढं मागे घ्या. तोवर तुमची पुढची प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.