पेन्शन चालू आहे, मग प्रशिक्षण कशाला? एका व्हायरल मेसेजचा प्रतिवाद

कारगिल विजय दिवस जवळ आला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. वर तिरंगा, मध्ये कृत्रिम पाय लावलेल्या जवानाचा फोटो आणि खाली साधारण असा मजकूर: अपंगत्व आलेल्या सैनिकाला सरकार जन्मभर भरघोस पेन्शन देतं, नोकरीत राखीव जागाही आहेत. त्याला पुन्हा कामाला जुंपणं हा त्याचा अपमान आहे. पूर्ण बरा होईपर्यंत नोकरीचं नावही काढू नये. खडकीसारख्या ठिकाणच्या प्रशिक्षण संस्था ही इंग्रजांच्या काळातली अडगळ आहे, ती बंद करून तो पैसा सरळ जवानाच्या खात्यात टाकावा.

लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसावं. म्हणून तर मेसेज पटकन पटतो आणि न वाचताच पुढे जातो.

सुरुवात पेन्शनपासून करू. अपंगत्वाची पेन्शन सरसकट नसते. मेडिकल बोर्ड बसतो, टक्केवारी ठरवतो आणि अपंगत्व सेवेमुळे आलं का, किंवा सेवेमुळे बळावलं का, यावर मत देतो. हे मत विरोधात गेलं तर अपंगत्वाचा भाग नाकारला जातो. सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे वर्षानुवर्षं चालणारे असंख्य खटले याच एका प्रश्नाचे आहेत. मान्य झालं तरी हा अपंगत्वाचा भाग शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि टक्केवारी कमी तशी रक्कम कमी, असा साधारण हिशेब असतो. युद्धात जखमी झालेल्यांचे दर याहून बरेच चांगले आहेत. पण सुरुंग किंवा गोळीच हवी असं नाही. गाडी दरीत जाते, बर्फात बोटं जातात, सरावात पाठीचा कणा मोडतो.

आता ‘शेवटचा पगार’ हे शब्द नीट बघा. पंचविशीत बोर्ड आऊट झालेल्या, म्हणजे वैद्यकीय कारणावरून सेवेतून बाहेर पडावं लागलेल्या शिपायाचा शेवटचा पगार म्हणजे वेतनश्रेणीची जवळजवळ तळाची पायरी. नाईक, हवालदार, सुभेदार या पुढच्या बढत्या त्याला मिळणार नाहीत, त्यामुळे पेन्शनचा पायाही तिथेच थांबतो. महागाई भत्ता वाढतो, पण ज्या पगारावर तो मोजायचा तोच लहान. मुलांची शिक्षणं आणि आईवडिलांचं आजारपण अजून पुढेच असतं.

आणि काहींना तर ही पेन्शनही नाही. लष्करी प्रबोधिनीत प्रशिक्षण घेताना जायबंदी झालेला छात्र (कॅडेट) अजून अधिकारी झालेला नसतो, म्हणून तो माजी सैनिक धरला जात नाही. त्याला अपंगत्व पेन्शनऐवजी सानुग्रह रक्कम मिळते. पुनर्वसनाच्या योजना अशा छात्रांना खुल्या करायला २०२४ साल उजाडलं, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली.

बरं, पेन्शन मिळणाऱ्याने नोकरी धरली तर पेन्शन बंद होते का? होत नाही. मग ‘पेन्शन आहे म्हणून नोकरी नको’ यातला ‘म्हणून’ आला कुठून?

राखीव जागांचं म्हणावं तर त्या आहेत, खऱ्याच आहेत. महाराष्ट्रात गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत आणि बँकांत गट क मध्ये साडेचौदा आणि गट ड मध्ये साडेचोवीस टक्के, त्यातले साडेचार टक्के अपंगत्व आलेले माजी सैनिक आणि वीरमरण आलेल्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी. कागद भक्कम आहे. पण केंद्रात प्रत्यक्ष भरती या आकड्यांच्या कितीतरी खाली राहते, आणि त्याचं एक कारण नियमातच आहे. दहावी झालेला माजी सैनिक पदवी लागणाऱ्या गट क च्या बिगरतांत्रिक पदासाठी पात्र धरला जातो, पण त्यासाठी १५ वर्षांची सेवा लागते. सहाव्या वर्षी पाय गमावून घरी आलेल्याची १५ वर्षं कशी भरायची? पूर्ण सेवा करून धडधाकट बाहेर पडलेल्याला जी सवलत मिळते, ती नेमकी याला मिळत नाही. त्याला गाठायला हवी शिक्षणाची खरी पात्रता. म्हणजे प्रशिक्षण. मेसेजला जे नको आहे तेच.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी कारकुनाला नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही. त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं, गरज पडली तर त्याच्यापुरतं जादा पद निर्माण करावं लागतं. लढाऊ जवानांना मात्र या संरक्षणातून वगळलेलं आहे. लष्कराची अडचण समजू शकते. पण मग बाहेर पडल्यावरची जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

‘कामाला जुंपणं म्हणजे अपमान’ यावर फार शब्द खर्च करत नाही. लष्कर स्वतःच एलएमसी (लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त नसलेल्या) जवानांपैकी अनेकांना ‘शेल्टर्ड अपॉइंटमेंट’, म्हणजे झेपेल असं काम देऊन सेवेत ठेवतं. १९७१ च्या युद्धात पाय गमावलेले इयान कार्डोझो पुढे बटालियनचे आणि मग ब्रिगेडचे प्रमुख झाले. त्यांना झगडावं लागलं ते काम टाळण्यासाठी नव्हे, मिळवण्यासाठी.

मेसेजमधला सगळ्यात मायाळू, आणि माझ्या मते सगळ्यात घातक मुद्दा पुढचा आहे: आधी पूर्ण बरं होऊ द्या, मग बघू.

मज्जारज्जू तुटलेला माणूस ‘पूर्ण बरा’ कोणत्या तारखेला होतो? सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पोहणं सुरू झालं ते उपचाराचा भाग म्हणून, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं. हा किस्सा आता घरोघरी ठाऊक आहे. मेसेज पाठवणारी मंडळी त्यांचाही फोटो पाठवतात, फक्त त्यांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली हे वाक्य गाळतात. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, पदकानंतर ४६ वर्षांनी. मधली वर्षं पदकावर निघत नसतात.

एका असामान्य माणसावरून सगळ्यांचं ठरवू नये हे खरंच, म्हणून आकडे बघू. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी ‘सपोर्टेड एम्प्लॉयमेंट’ची एक पद्धत वापरतात. तिचं सूत्र आपल्या नेहमीच्या समजाच्या उलट आहे: आधी खुल्या बाजारातली खरी नोकरी, शिकणं त्या नोकरीवर, आणि उपचार सोबत चालू. नोकरी शोधून देणारा तज्ज्ञ दवाखान्याच्या चमूतच बसतो. तो मालकांना भेटतो आणि नोकरी लागल्यावरही माणसाला सोडून जात नाही. युद्धाच्या मानसिक आघाताने ग्रासलेल्या ५४१ बेरोजगार माजी सैनिकांवर १२ सरकारी केंद्रांत तिची चाचणी झाली, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. दीड वर्षाच्या काळात निम्म्याहून अधिक दिवस टिकून नोकरी केलेले या पद्धतीत सुमारे ३९ टक्के निघाले, तर आधी तात्पुरत्या संरक्षित कामावर ठेवण्याच्या जुन्या पद्धतीत २३ टक्के.

मानसिक आघाताचं वेगळं, लुळ्या शरीराचं वेगळं, असं कुणी म्हणेल. मज्जारज्जूला इजा झालेल्या सुमारे २०० माजी सैनिकांवरही हीच पद्धत वापरली गेली. तिथे वर्षभरात खुली नोकरी मिळालेले जवळपास २६ टक्के, आणि त्याच केंद्रांत नेहमीच्या पद्धतीने मदत मिळालेल्यांत साधारण १० टक्के. म्हणजे या पद्धतीतही चौघांपैकी तिघांना वर्षभरात नोकरी लागली नाही. जादू नाहीच. पण ‘बरा झाल्यावर बघू’ म्हणत बसण्याच्या बाजूने यात काहीही सापडत नाही. अमेरिकेचा रोजगार बाजार आणि आपला एक नव्हे, हेही मान्य. आकडे तिथले आहेत; घरी बसून गेलेली वर्षं परत येत नाहीत हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

खडकीच्या ‘अडगळी’कडे येतो. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ मध्ये मुंबईत निघाली, पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून परतलेल्या हिंदी सैनिकांसाठी, आणि पुढे खडकीला आली. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. खडकीचं पॅराप्लेजिक, म्हणजे कंबरेखाली लुळे पडलेल्यांचं पुनर्वसन केंद्र १९७४ चं, म्हणजे स्वतंत्र भारताने १९७१ च्या युद्धानंतर उभं केलेलं, तेव्हा सगळं इंग्रजांच्या माथी मारायचं कारण नाही. डेहराडूनला १९४३ मध्ये युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स वसतिगृह सुरू झालं, त्यातूनच पुढे अंधांसाठीची राष्ट्रीय संस्था वाढली. सैनिकांसाठी लावलेल्या रोपाची सावली नागरिकांनाही मिळाली. २००२ मध्ये सुरुंगात पाय गमावलेले होकातो सेमा गोळाफेक शिकले ते पुण्यातच, लष्कराच्या केंद्रात, आणि २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आले.

तरी या मुद्द्यात मेसेजने नकळत एक दुखरी नस पकडली आहे. आपल्याकडे प्रशिक्षण आहे, प्रमाणपत्र आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नावनोंदणी आहे. पुढे? पुढे बहुतेकदा सुरक्षा रक्षकाची नोकरी, कारण ‘माजी सैनिक म्हणजे वॉचमन’ हे समीकरण मालकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. बारा तास उभं राहण्याचं हे काम कृत्रिम पाय वापरणाऱ्याला देणं म्हणजे चार महिन्यांत तो नोकरी सोडेल याची तजवीज. दिवसभरात उरलेल्या पायाचा आकार बदलतो, सॉकेट (कृत्रिम पायाची खोबण) घासतं, जखम होते. जखम झाली की काही दिवस पाय लावताच येत नाही, खाडे होतात, आणि सुपरवायझर म्हणतो, ‘फौजी आळशी निघाला.’ व्हीलचेअरवरच्या माणसाला दर काही तासांनी लघवीसाठी कॅथेटर (नळी) वापरावा लागतो. त्याला चाकांसकट आत जाता येईल असं स्वच्छतागृह नसेल तर उत्तम संगणक येऊनही तो तिथे टिकत नाही.

हे सुपरवायझरला जाऊन सांगणारा, खुर्ची द्या, पाळी बदला, टेबल चार इंच उचला असं पटवणारा आणि तीन महिन्यांनी पुन्हा फेरी मारणारा माणूस आपल्या व्यवस्थेत नाही. जॉब कोच म्हणा, नाव काहीही द्या, पण ते पद नाही. कंपन्यांना हे परवडत नाही असा एक फाटाही मेसेजच्या खालच्या प्रतिक्रियांत फुटतो. अपंगांसाठी कामाच्या जागी काय बदल करावेत याचा सल्ला देणाऱ्या अमेरिकेतल्या जॉब अकोमोडेशन नेटवर्कच्या पाहणीत मालकांनी केलेल्या अशा बदलांपैकी जवळपास निम्म्यांना काहीच खर्च आलेला नव्हता. तेव्हा मागणी करायचीच तर संस्था बंद करण्याची नको, संस्थेच्या फाटकाबाहेर जवानासोबत चालणारी माणसं नेमण्याची करावी.

राहिली शेवटची सूचना, पैसे खात्यात टाका. हा प्रयोग सुरूच आहे. अग्निपथ या चार वर्षांच्या सैन्यभरतीच्या योजनेत सेवेमुळे अपंगत्व आलेल्या अग्निवीराला पेन्शन नाही. एकरकमी सानुग्रह मिळतं: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख, शिवाय उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवानिधी, म्हणजे मुदतीअखेर मिळणारी एकरकमी रक्कम. म्हणजे मेसेजला हवं ते सगळं आहे, रक्कम थेट खात्यात. आता पन्नास टक्के अपंगत्व आलेला बावीस वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. निमलष्करी दलांत अग्निवीरांसाठी जागा राखून ठेवल्यात, पण तिथे वैद्यकीय तंदुरुस्ती लागते, तेव्हा त्या याच्या कामाच्या नाहीत. १५ वर्षांच्या सेवेवर मिळणाऱ्या पदवीसमान पात्रतेचा तर प्रश्नच नाही. हाताशी दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, बँकेत ठेव आणि पुढे चाळीस वर्षांचं कामाचं वय. गावात ठेवीची बातमी फुटली की उसने मागणारे येतील, प्लॉट दाखवणारे येतील. तुला कोणतं काम जमेल, असं विचारायला मात्र या योजनेने कुणालाही नेमलेलं नाही.